जर्मनीहून दिसलेली लुकलुक

आमच्या घरावरचे दिवे लुकलुकतात, ही बातमी मला जर्मनीहून कळली.

मी तेव्हा त्याच दिव्यांखाली उभा होतो. वसुबारसेची संध्याकाळ होती. गच्चीच्या कठड्यावरून मी स्वतःच्या हाताने पिवळ्या माळा सोडल्या होत्या, खाली उतरून त्या लांबून पाहिल्या होत्या, जवळून पाहिल्या होत्या, आणि अख्ख्या मलकापुरात इतक्या सरळ रेषेत माळ लावणारा माणूस दुसरा नाही अशी स्वतःची समजूत घातली होती. शाळेत मी विज्ञान शिकवतो. माळ वाकडी लागली तर गल्ली दुसऱ्या कुणाला बोलणार नाही, मला बोलेल.

आमची मुलगी निवेदिता यंदा पहिल्यांदाच दिवाळीला घरी नव्हती. स्टुटगार्टला नोकरी लागून तिला थोडेच महिने झाले होते आणि इतक्यात रजा मागायची सोय नव्हती. म्हणून तिने एक युक्ती काढली होती. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही फोन फाटकाला बांधून ठेवायचा, घराकडे तोंड करून. तिकडे ती टेबलावर आपला फोन उभा करणार, आणि आमची पूजा होईपर्यंत घर तिच्या टेबलावर राहणार. बोलायचंही नाही फारसं. "नुसतं दिसत राहू द्या," ती म्हणाली होती. माझ्या बायकोने, शरयूने, ही गोष्ट गल्लीत इतक्या जणींना सांगितली होती की फाटकाला फोन कसा बांधायचा याबद्दल मला तीन घरांतून सल्ले आले होते.

तर त्या संध्याकाळी रंगीत तालीम म्हणून शरयूने फोन लावला आणि माळांकडे धरला.

"बाबा, हे काय होऊन राह्यलं?" निवेदिता म्हणाली.

"काय?"

"सगळं घर थरथरून राह्यलं. काळे पट्टे वर-खाली पळतात. आई, फोन आत घे ना. माझं डोकं चढेल."

तिला शाळेत असल्यापासून अर्धशिशी आहे. बसच्या खिडकीतून झाडांमागून येणारं ऊन डोळ्यांवर लपलपलं तरी ती दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. शरयूने घाईघाईने फोन आत नेला. मी बाहेर थांबून माळांकडे पाहिलं. एकही दिवा हलत नव्हता. मी डोळे चोळले, चष्मा पुसला, चष्मा काढला. दिवे ढिम्म. मग मी माझा फोन काढून त्यांच्याकडे धरला, आणि फोनमध्ये माझं घर अंगात आल्यासारखं घुमत होतं.

शरयू बाहेर आली. तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं.

"तेवढा वेळ माळा बंद ठेवू."

"दिवाळीत पोरीले अंधारं घर दाखवायचं?"

"पणत्या लावू की."

"पणत्याही थरथरतात."

"ते चालते," शरयू म्हणाली. "पणतीनं तिचं डोकं नाही चढत."

हे ऐकून मी तिथेच थांबायला हवं होतं, असं आता वाटतं. पण माझ्या घरावर विजेचा दिवा थरथरतो आणि त्यावर उपाय म्हणून मी तेलाचा दिवा लावतो, ही गोष्ट दहावी 'ब'च्या कानावर गेली असती तर पुढच्या सत्रात मला वर्गात वीज शिकवता आली नसती.

आमचे शेजारी रहेमतुल्लाभाई सरकी-ढेपेचे व्यापारी. माझा आणि त्यांचा कठडा एकच आहे. ते ओट्यावर बसून माझं चष्मा काढणं-घालणं बराच वेळ पाहत होते.

"सर, काय झालं?"

मी त्यांना सांगितलं. त्यांनी माळांकडे पाहिलं, बराच वेळ, न्यायाधीशासारखं. "मले तं काहीच दिसून नाही राह्यलं."

मी फोन दाखवला. त्यांनी तो हातात घेतला आणि एकदम स्वतःच्या घराकडे वळवला. त्यांच्या घरावर ईद-ए-मिलादच्या हिरव्या-पांढऱ्या माळा होत्या. दिवाळी जवळच आली आहे तर आता उतरवून पुन्हा कशाला चढवायच्या, म्हणून तशाच ठेवल्या होत्या. त्याही फोनमध्ये थरथरत होत्या.

"अरे, आमचं पण," रहेमतुल्लाभाई हळू आवाजात म्हणाले. घरात साथीच्या रोगाचा पेशंट निघावा तसा त्यांचा चेहरा झाला.

तेवढ्यात समोरचे भगवानराव आले. भगवानराव पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर त्यांनी गल्लीतल्या सर्व बाबींची पोच द्यायचं काम स्वतःकडे घेतलं आहे. त्यांनी दोन्ही घरं फोनमधून तपासली, मग स्वतःचं तपासलं, मग कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. त्यांच्या मागे हळूहळू फोन हातात धरलेली माणसं जमत गेली. थोड्याच वेळात असं सिद्ध झालं की आमची गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थरथरत आहे आणि आजवर कुणाला याचा पत्ताच नव्हता.

"अर्थिंग," भगवानराव म्हणाले. "खड्ड्यात मिठाचं पाणी टाका."

मी टाकलं. काही झालं नाही. सल्ला फुकट गेला की भगवानराव लगेच त्याहून मोठा सल्ला देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी ते माझ्या फाटकाशी हजर.

"सर, मी रातभर इचार केला. दिवा लागते, विझते, लागते, विझते. बरोबर?"

"तसं दिसतं खरं."

"पण मीटर कुठं विझते?"

या वाक्याने गल्ली पेटली. दिवे विझतात तेव्हाही मीटर पळतो, ही बातमी फराळाच्या ताटापेक्षा वेगाने घरोघर गेली. वीज ऑफिसात जाऊन जाब विचारायचा असं ठरलं. आणि विज्ञानाचे सर म्हणून पुढे मी, असंही ठरलं. मी त्या वेळी आंघोळीला गेलो होतो. परत आलो तेव्हा माझी निवड झालेली होती.

वीज ऑफिसात खिडकीवरच्या माणसाने तक्रारीचा प्रकार विचारला. त्याच्याकडे दिवा बंद, दाब कमी, तार तुटली आणि मीटर जळाला असे प्रकार होते.

"दिवा चालू आहे," मी म्हणालो. "पण फोनमध्ये हलतो."

"डोळ्याले हलते का?"

"नाही."

"मग फोनवाल्याकडे जा ना, सर."

"फोन चांगला आहे. आधी दुसऱ्याच फोनमधून तक्रार आली."

"कुठून आली?"

"जर्मनीहून."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग तिकडच्या सेक्शनले सांगा," तो म्हणाला. हे त्याने अजिबात न हसता म्हटलं, त्यामुळे मला त्याचा राग येण्याऐवजी थोडा आदरच वाटला. माझ्यामागे उभे असलेले भगवानराव मीटरचा मुद्दा मांडायला पुढे सरसावले. त्यांचा आवाज ऐकून आतल्या खोलीतून अभियंता मॅडम बाहेर आल्या. त्यांनी मला पाहिलं आणि खिडकीवरच्या सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला.

मयुरी. माझी विद्यार्थिनी. नववीत पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्या प्रत्येक वाक्यानंतर 'का' विचारायची. त्या नमस्काराने माझी अब्रू इतकी सावरली की मी खिडकीवाल्याकडे जरा वळून पाहिलं.

"सर, मी स्वतः येते," मयुरी म्हणाली. ती आली, तीच मोठी चूक झाली.

म्हणजे तिची नाही. तिने सगळं शास्त्रशुद्ध केलं. माझ्या मीटरशी दाब मोजला, रहेमतुल्लाभाईंच्या मोजला, भगवानरावांच्या त्यांच्या आग्रहाखातर पुन्हा मोजला. तिन्हीकडे आकडा बरोबर. मग ती म्हणाली, "दाब ठीक आहे. पण तुमच्या समाधानासाठी खांबावरचे जोड आवळून घेते. थोडा वेळ लाइन बंद राहील."

धनत्रयोदशीची दुपार होती. आणि आमच्याकडे नळाला पाणी कधी येतं हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. कित्येक दिवसांनी, सणाच्या तोंडावर, नेमकं त्याच दुपारी नळ आला. गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या आणि एकाच वेळी बंद पडल्या, कारण लाइनमन माझ्या समाधानासाठी खांबावर चढला होता.

बंद मोटारीच्या पाइपातून जी बारीक धार येते ती बादलीत धरून गल्लीतल्या बायका माझ्या घराकडे पाहत होत्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शरयूही त्यांच्यात बादली घेऊन उभी होती, आणि तीही माझ्याकडे त्यांच्यासारखीच पाहत होती. जोड आवळून झाले, लाइन आली, मोटारी सुरू झाल्या. तोवर नळ गेला होता. मी भर दुपारी माळा लावून फोन धरला. थरथर जशीच्या तशी.

"सर, आता माळच पाहा," मयुरी म्हणाली. "माळेतच काही असेल."

माळ मी फहीमकडून घेतली होती. फहीमचं विजेच्या सामानाचं दुकान स्टेशन रोडला आहे. तोही माझाच विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या गावात राहणाऱ्या शिक्षकाला हा एक त्रास असतो. कुणाशी नीट भांडता येत नाही.

दुकानात तोबा गर्दी. छतापासून जमिनीपर्यंत माळा लागलेल्या. मी फोन काढला आणि एकेका माळेवर धरू लागलो. ही थरथरत होती. तीही थरथरत होती. निळी, लाल, पडद्यासारखी लोंबणारी, कमळांची, सगळ्याच.

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं, "भाऊ, काय पाहून राह्यले?"

मी विज्ञानाचा माणूस. प्रश्न आला की उत्तर देतो. मी त्यांना फोनमध्ये दाखवलं. त्यांनी हातातली माळ खाली ठेवून स्वतःचा फोन काढला. त्यांचं पाहून त्यांच्या नवऱ्याने काढला. मग काउंटरजवळच्या दोघांनी. जरा वेळाने फहीमच्या दुकानात कुणी माळ घेत नव्हतं. सगळी गर्दी फोन वर करून, देवाची पालखी आल्यासारखी, माळांचं चित्रीकरण करत होती.

फहीम काउंटरखालून वाकून बाहेर आला, माझा हात धरला आणि मला बाजूला नेलं.

"सर, तुमच्या माळा बदलून देतो. दुसऱ्या देतो. पाहिजे तं दुकानातल्या सगळ्या घेऊन जा. पण आत्ता घरी जा."

"पण फहीम, याची गॅरंटी..."

"गॅरंटी डोळ्याची असते, सर," तो कळवळून म्हणाला. "मोबाईलची नसते."

मी घरी आलो. दिवेलागण झाली होती. शरयू दारात पणती लावत होती. तिने काही विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही म्हणूनच मी ठरवलं. पणत्या तर पणत्या. सगळ्या माळा उतरवायच्या. मी गच्चीवर गेलो. रागाच्या भरात बटण बंद करायचं राहिलं. विजेबाबत सुरक्षिततेचे नियम मी दर वर्षी फळ्यावर लिहून देतो आणि त्यातला पहिलाच तो आहे, हे इथे नोंदवतो आणि पुढे जातो.

कठड्याच्या उजव्या टोकाची गाठ मी सोडली. माळ हातातून निसटली. डावं टोक पक्कं बांधलेलं होतं, म्हणून ती खाली न पडता, चालू होती तशीच, घरासमोरून झोका घेत लांबवर गेली.

आणि मी पाहिलं.

माळ जिथून गेली तिथे हवेत प्रकाशाच्या रेघा उमटल्या. पण त्या सलग नव्हत्या. प्रत्येक दिव्याने मागे तुटक रेघ काढली होती. उजेड, अंधार, उजेड, अंधार. सगळे तुकडे सारखे, सगळ्या फटी सारख्या. कुणी मोजपट्टी ठेवून आखाव्यात तशा. संध्याकाळच्या निळसर काळोखात त्या शेकडो तुटक रेघा क्षणभर उभ्या राहिल्या. मग माळ भिंतीला टेकून थांबली, आणि पुन्हा नुसती माळ झाली. स्थिर, सज्जन, काही झालंच नाही अशी.

मी कठड्याला धरून उभा राहिलो. खाली ओट्यावर रहेमतुल्लाभाई उठून उभे होते. त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच होता.

"सर," ते अगदी हळू म्हणाले. "पुन्हा एकदा सोडा."

मी बटण बंद केलं, माळ वर ओढली, बटण लावलं आणि सोडली. पुन्हा त्या रेघा आल्या. मी पुन्हा सोडली. खाली भगवानराव आले. पिठाचे हात घेऊन शरयू आली. मी माळ ओढत होतो आणि सोडत होतो, आणि दर वेळी आमच्या घरासमोरची हवा तशीच आखली जात होती.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी दर वर्षी फळ्यावर खडूने एक नागमोडी रेघ काढत आलो आहे. मध्ये एक आडवी ओळ. रेघ त्या ओळीच्या वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. प्रत्यावर्ती धारा. वारंवारता एका सेकंदाला पन्नास. मुलं ती वहीत उतरवतात, परीक्षेत तिच्यावर गुण मिळतात, मी फळा पुसतो. पन्नास हा आकडा मी इतक्या वेळा उच्चारला आहे की तो मला शेजाऱ्याच्या घर क्रमांकासारखा वाटायचा. ती रेघ खरोखर कुठे असेल, आत्ता, या तारेत, माझ्या डोक्यावरच्या खांबावर, इथून रुळांपलीकडच्या कापसाच्या जिनिंगपर्यंत असेल, आणि कधी दिसूही शकेल, हे माझ्या मनात आलं नव्हतं. ती माझ्या हातून निसटलेल्या माळेतून बाहेर येऊन गल्लीत उभी राहिली होती. माझ्या अंगावर काटा आला. हे मी लिहितोय ते शोभेसाठी नाही. शर्टाची बाही वर करून मी तो पाहिला.

मी खाली आलो आणि त्यांना समजावून सांगितलं. स्वस्तातली माळ विजेच्या प्रत्येक लाटेची वरची अर्धी बाजू घेते. खालची अर्धी येते तेव्हा विझते. सेकंदात पन्नास वेळा लागते, पन्नास वेळा विझते. फोनचा कॅमेरा तुकड्या-तुकड्याने चित्र घेतो, म्हणून त्याला ते विझणं सापडतं.

भगवानरावांनी माळेकडे बोट केलं.

"म्हणजे हे दिवे निम्मा टाइम विझेलच असतात?"

"हो."

"आन् आपण त्याच्यात एवढं सगळं पाहून राह्यलो."

मग त्यांनी विचारलं, "पण मग मीटर?" मीटरही त्या वेळी त्या माळेसाठी थांबतो, असं मी सांगितलं. हे ऐकून त्यांना जितका दिलासा मिळाला तितकीच निराशाही झाली.

शरयू पिठाचे हात तसेच धरून माळेकडे पाहत होती. "म्हणजे निवीच्या फोनले दिसलं तेच खरं होतं?"

"खरं होतं."

"मग आपल्या डोळ्याले दिवे सारखे लागेल काऊन दिसते?"

"डोळा गाळलेल्या जागा भरतो," मी म्हणालो.

हे वाक्य मी आधी कुठे वाचलेलं नव्हतं. मलाच ते पटायला थोडा वेळ लागला.

आजार कळल्यावर औषध अवघड नव्हतं, निदान कागदावर. लाटेची खालची बाजूही वर वळवायची, त्यासाठी चार डायोड. मधल्या फटी भरायच्या, त्यासाठी एक कपॅसिटर. हे सामान स्टेशनजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते एका प्लास्टिकच्या डबीत बसवलं. रहेमतुल्लाभाई डबी धरायला होते. भगवानराव लांब उभे राहून धीर देत होते. संध्याकाळी मी बटण दाबलं.

माळ अशी उजळली की विचारू नका. पिवळी माळ पांढरी झाली. समोरच्या भिंतीवर आमच्या तिघांच्या सावल्या पडल्या. "माशाल्लाह," रहेमतुल्लाभाई म्हणाले, आणि त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर सगळी माळ एकदम विझली. ती पुन्हा कधीच लागली नाही. हवेत जळक्या प्लास्टिकचा वास राहिला.

मी मयुरीला फोन केला. ती घरी चिवडा करत होती. मागे फोडणीचा आवाज येत होता.

"सर, कपॅसिटर लावला की लाटेच्या शेंड्याचा दाब मिळतो. दोनशे तीसचा तीनशेच्या वर जातो. माळेला सोसला नाही. दाब कमी करायला मध्ये रोधक घाला, रेझिस्टर." मग जरा थांबून ती म्हणाली, "हे दहावीच्या पुस्तकात नव्हतं, सर."

नव्हतंच. पण ते तिने स्वतः होऊन सांगितलं, याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मयुरी स्वतःच आली, योग्य तो रोधक घेऊन. फहीमनेही बदली माळा पाठवल्या होत्या, सोबत एक निरोप होता की सरांनी स्वतः दुकानात यायची तसदी घेऊ नये. आम्ही डबी पुन्हा बांधली, झाकण घट्ट लावलं, तारेचं एकही टोक उघडं ठेवलं नाही. सूर्य मावळल्यावर मी गच्चीवरून माळ सोडली. या वेळी बटण जाणूनबुजून चालू ठेवून, मयुरीच्या देखरेखीखाली.

माळेने हवेत सलग रेघा ओढल्या. एकही फट नाही. रेशमाच्या धाग्यासारख्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खरं सांगायचं तर आनंदाबरोबर मला किंचित चुकल्यासारखंही झालं. त्या तुटक रेघा फार सुंदर होत्या. पण समोरच्या घरांवर त्या अजून होत्याच, आणि कुणालाही त्या दुरुस्त करून नको होत्या. आदल्या संध्याकाळपासून गल्लीत सगळे आपापल्या माळेचं टोक सोडून ती झुलवून पाहत होते.

शरयूने फाटकाला फोन बांधला. केसांच्या रिबिनीने, कारण गल्लीतून आलेल्या तिन्ही सल्ल्यांत तोच सोपा होता. पलीकडे दुपार होती. निवेदिता खोलीत टेबलाशी बसली होती, नवा कुर्ता घालून. आम्ही कुणी न बोलता बाजूला झालो. घर तिला दिसू दिलं.

मी फाटकाच्या खांबाआड उभा होतो. दहावीच्या निकालाला मुलं उभी राहतात तसा.

"बाबा," शेवटी फोनमधून आवाज आला.

"बोल."

"तुमचा फोन अडकला का?"

मला कळेना. "काऊन?"

"काहीच हलून नाही राह्यलं. फोटोसारखं दिसते. नेट गेलं वाटते तुमचं."

माझं सगळं विज्ञान, भगवानरावांचं मिठाचं पाणी, एक गेलेला नळ, एक जळालेली माळ, फहीमचा बुडालेला धंदा, या सगळ्याचं फळ म्हणजे माझ्या मुलीला घर अडकल्यासारखं दिसत होतं. ते अडकलेलं नाही हे तिला पटवायचं तर काहीतरी हलणं भाग होतं. मी खांबाआडून बाहेर आलो आणि फोनसमोर हात हलवला.

"हां, आता दिसले," ती म्हणाली.

मग रहेमतुल्लाभाई आले आणि त्यांनीही हात हलवला. भगवानराव आले आणि तब्येत विचारून तिकडे मीटर कसे असतात याची चौकशी करू लागले. शरयूने त्यांना हळूच बाजूला केलं आणि पूजेची तयारी घेऊन दारात आली. तिने नेसलेल्या नव्या साडीच्या काठावर माळेचा उजेड पडला होता. तो जराही हलत नव्हता. सेकंदात पन्नास वेळा विझायची संधी त्याला मिळत होती आणि तो विझत नव्हता. ही इवलीशी डबी मी बांधली आहे यावर माझा विश्वास बसेना. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो.

"बाबा, काही त्रास नाही ना?" निवेदिताने विचारलं. "असे काऊन उभे?"

"काही नाही. पाहून राह्यलो."

"डोकं नाही चढत माझं," ती म्हणाली. "किती तरी वेळ पाहून राह्यली मी." मग तिने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "आईले म्हणा, जराशी डावीकडे उभी राह. हां. आन् तुम्ही पण तिथंच थांबा, तिच्याजवळ. हलू नका आता."

आम्ही दोघे दारात, उजेडात, न हलता उभे राहिलो.